दुकानाचा उंबरठा आणि वाइनची बाटली

२७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय पत्रकारांना सांगायचे काम नवाब मलिक यांच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात जी चर्चा झाली, तिच्यात वाइन कमी आणि मलिकसाहेबांचे नाव जास्त होते. कुणी म्हणाले, "मुसलमान मंत्र्याच्या तोंडून एवढेच ऐकायचे राहिले होते." दुसऱ्याने उत्तर दिले, "मंत्री सरकारचा असतो, जमातीचा नसतो." कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे मालक चाचा तिथेच बशीत चहा ओतत बसले होते. ते म्हणाले, "माझे दुकान केवढे! आत बाटली ठेवायची तर मला बाहेर उभे राहावे लागेल." सगळे हसले आणि विषय संपला.

आम्हाला मात्र तो विषय तसा संपला असे वाटले नाही. आमच्याकडे अशा प्रश्नांवर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे, दारू हराम आहे, पुढे बोलायचे काय? दुसरे म्हणजे, आपण पीत नाही, तेव्हा सरकारने ती कुठेही विकावी, आपला संबंध काय? दोन्ही उत्तरांत विचार करायचे टळते. पहिल्यात आपण ज्या देशात राहतो तिथे इतरही लोक राहतात हे विसरले जाते. दुसऱ्यात आपली मुले, आपल्या बायका, आपले कामगार याच गल्ल्यांतून फिरतात हे विसरले जाते. या दोन्हींच्या मधून जाणारी वाट शोधायची तर इतिहासाकडे जावे लागते, आणि तिथे आमच्याही पूर्वजांची बरीच पावले उमटलेली दिसतात.

निर्णय काय होता?

आधी निर्णय नीट पाहू, कारण त्या दिवसांत त्याच्याबद्दल आरडाओरडाच जास्त झाला. वाइन प्रत्येक वाण्याच्या दुकानात मिळणार होती असे नाही. दुकानाचे क्षेत्रफळ निदान १०० चौरस मीटर, म्हणजे हजार चौरस फुटांहून जास्त हवे होते. दुकानाच्या आत कुलूप लावता येईल असे एक वेगळे कपाट ठेवून त्यातच बाटल्या ठेवायच्या होत्या. वर्षाची परवाना फी ५,००० रुपये होती. शाळा आणि प्रार्थनास्थळे यांच्याजवळच्या दुकानांना परवानगी नव्हती. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदीच्या जिल्ह्यांना निर्णय लागू नव्हता. सरकारने कारण दिले ते द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे.

विरोधी पक्षाने 'मद्यराष्ट्र' हा शब्द चालवला. त्याच महिन्यात मध्य प्रदेशात त्याच पक्षाच्या सरकारने निवडक मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटांत वाइन विकायची वाट मोकळी केली होती, हे मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिले. सत्तेतल्या बाजूने संजय राऊत यांनी वाइन म्हणजे दारू नव्हे असे सांगितले. अण्णा हजारे यांनी १४ फेब्रुवारीपासून उपोषणाची घोषणा केली आणि राळेगणच्या ग्रामसभेनंतर ते स्थगित केले. सरकारने मग लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या. जूनअखेर ते सरकारच गेले आणि निर्णय कागदावर राहिला. पण असा निर्णय एकदा कागदावर आला की तो पुन्हा केव्हाही बाहेर निघू शकतो. म्हणून त्याचा विचार शांतपणे करायला हीच वेळ बरी.

वाइन म्हणजे दारू नव्हे?

वाइन दारू नाही, हे वाक्य ऐकून आम्हाला कूफ्याच्या फकीहांची आठवण झाली. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) आणि त्यांच्या आधीचे कूफ्याचे विद्वान 'खम्र' या शब्दाचा काटेकोर अर्थ करत. त्यांच्या मते खरी खम्र म्हणजे द्राक्षाचा कच्चा रस आंबवून केलेले पेय. तिचा एक थेंबही हराम. खजूर किंवा धान्य यांच्यापासून केलेल्या इतर पेयांबद्दल त्यांनी वेगळी चर्चा केली. इतर इमामांना हा फरक मान्य नव्हता. त्यांनी हजरत उमर यांच्या खुतब्याचा आधार घेतला. त्यात उमर यांनी द्राक्ष, खजूर, मध, गहू आणि जव अशी पाच नावे घेऊन अकलेवर पडदा टाकते ती खम्र असा अर्थ सांगितला होता. पुढे हनफी पंथातही सर्व मादक पेये हराम हेच मत रूढ झाले. गंमत अशी, की ज्या एका पेयाबद्दल कुठल्याही फकीहाला कधी शंका नव्हती ते म्हणजे द्राक्षाची वाइन; आणि २०२२ साली महाराष्ट्रात नेमक्या तिलाच दारूतून वगळण्याची खटपट चालली होती. शास्त्राने पाहिले तरी वाइनमध्ये साधारण बारा-तेरा टक्के अल्कोहोल असते, म्हणजे बियरहून जास्तच. तेव्हा वाद घालायचा तर ती दारू आहे हे मान्य करून घालावा.

कुरआनातला या विषयाचा क्रम तर आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. बंदी एकदम आली नाही. पहिल्या टप्प्यात सूरह बकराहमध्ये दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही फायदेही आहेत हे मान्य केले आहे, आणि त्यांचे नुकसान त्या फायद्यांहून मोठे आहे असे सांगितले आहे. दुसऱ्या टप्प्यात नशेत नमाजला उभे राहू नका असा हुकूम आला. तिसऱ्या टप्प्यात सूरह माइदाहमध्ये पूर्ण मनाई झाली आणि मदिनेच्या गल्ल्यांतून दारू वाहिली. आम्हाला यातला पहिला टप्पा नेहमी विचारात पाडतो. फायदा नाहीच, असे म्हटलेले नाही. फायदा आहे हे कबूल करून त्याचा हिशोब मांडला आहे. शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्ट सांगणाऱ्या सरकारला विचारायचा प्रश्नही हाच आहे: फायदा किती, कुणाला, आणि नुकसान किती, कुणाचे?

आणखी एक गोष्ट आपल्या मिंबरावरून फार क्वचित सांगितली जाते. हनफी फिकहमध्ये मुसलमानाची दारू ही मालमत्ता मानली जात नाही, पण मुस्लिम राज्यातल्या गैरमुस्लिम प्रजाजनाची दारू ही त्याची मालमत्ता मानली जाते. मुसलमानाने ती ओतून टाकली, तर त्याला भरपाई द्यावी लागते. म्हणजे सत्ता हातात असतानाही आपल्या फकीहांनी आपला हराम दुसऱ्याच्या घरात जसाच्या तसा नेला नाही. आज तर सत्ता कुणा एका जमातीची नाही, राज्यघटनेची आहे. मग आमच्यासाठी हराम आहे एवढ्यावरच सगळ्या राज्याचा कायदा मागणे आपल्याच परंपरेला धरून होत नाही.

बदायूं दरवाजा आणि खुल्दाबाद

सुलतानांचा इतिहास पाहिला तर ते काही सगळे परहेजगार नव्हते. बाबरने १५२७ मध्ये खानवाच्या लढाईआधी पेले फोडून दारू सोडली, म्हणजे तोवर ती होती. जहांगीरने १६०५ साली गादीवर येताच बारा फर्माने काढली. त्यांत दारू गाळायला आणि विकायला मनाई होती. आणि तिथेच आपण स्वतः अठराव्या वर्षापासून पीत आलो हेही त्याने लिहून ठेवले. इतका प्रामाणिकपणा आजच्या राज्यकर्त्यांत शोधून सापडायचा नाही. पण या राजांच्या पेल्यांपेक्षा आम्हाला दोन घटना जास्त महत्त्वाच्या वाटतात.

पहिली दिल्लीची. देवगिरीवर चाल करून आलेला अलाउद्दीन खिलजी सुलतान झाल्यावर त्याच्याविरुद्ध एकामागून एक बंडे झाली. अमीर दारूच्या बैठकीत एकत्र जमतात आणि तिथे कट शिजतात, असे त्याच्या सल्लागारांनी सांगितले. चौदाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याने दारूबंदी केली. झियाउद्दीन बरनी लिहितो, की शाही मद्यशाळेतली भांडी बदायूं दरवाजापाशी आणून ओतली, तेव्हा तिथे पावसाळ्यासारखा चिखल झाला. मग चोरटा व्यापार सुरू झाला. कातडी पिशव्यांतून, गवताच्या भाऱ्यांतून दारू शहरात येऊ लागली. पकडलेल्यांना खड्ड्यांत कोंडण्यापर्यंत मजल गेली. शेवटी सुलतानाने माघार घेतली, पण ती कशी घेतली ते पाहण्यासारखे आहे. कुणी आपल्या घरी गाळून एकट्याने प्याला तर त्याच्यामागे हेर लागणार नाहीत, मात्र विक्री आणि मैफल बंदच राहील, अशी सूट त्याने दिली. घर आणि दुकान यांच्यात त्याने रेघ ओढली.

दुसरी घटना आपल्याच मातीतली आहे. बहामनी सुलतान महंमदशाह पहिला (१३५८ ते १३७५) उघडपणे दारू पीत असे. दौलताबादजवळ खुल्दाबादला हजरत बुरहानुद्दीन गरीब यांचे खलीफा शेख जैनुद्दीन राहत होते. सुलतानाने सगळ्यांकडून निष्ठेची शपथ मागितली, ती शेखसाहेबांनी नाकारली. उघड दारू पिणाऱ्या राजाची बैअत आपण करणार नाही, हे त्यांचे कारण होते. फरिश्ता सांगतो, की त्यांना शहर सोडायला फर्मावले तेव्हा ते आपल्या मुर्शदांच्या मजारीपाशी जाऊन बसले आणि मला इथून उठवेल असा कोण आहे, असे त्यांनी विचारले. अखेर राजाच नमला. त्याने आपल्या राज्यातली दारूची दुकाने बंद केली.

आज उरुसाला खुल्दाबादला जाणाऱ्या हजारो लोकांपैकी किती जणांना ही हकिगत माहीत असेल? आम्हाला तिच्यात करामत दिसत नाही, एक नागरिक दिसतो. शेखसाहेबांनी कुणाच्या घरात डोकावून पाहिले नाही. त्यांनी गरीब पिणाऱ्याला फटके मारा असेही सांगितले नाही. राजाने उघड्यावर जे केले आणि राज्याने दुकानातून जे विकू दिले, त्याच्याशी त्यांचा झगडा होता. त्याच दौलताबादेत त्याच शतकात इब्न बतूता येऊन गेला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा पीक येते असे त्याने लिहिले आहे. म्हणजे द्राक्षही इथे होते आणि दुकानाचा वादही इथे होता. दोन्हीही आजचे नाहीत.

अबकारीचा गुत्ता

इंग्रज आले आणि दुकानाचा अर्थ बदलला. दारू ही सरकारी उत्पन्नाची बाब झाली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला. घरोघरची भट्टी गुन्हा ठरली आणि सरकारी देखरेखीखालची भट्टी आणि मक्त्याचा गुत्ता कायदेशीर ठरला. १८९२ च्या कायद्याने तर ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही बंधने आली. मोह हे आदिवासींचे अन्नही होते, पण सरकारला त्यात बुडणारा महसूल दिसला. अलाउद्दीनने घर मोकळे ठेवून दुकान बंद केले होते. इंग्रजांनी उलटे केले: घर बंद आणि दुकान खुले.

याविरुद्ध पहिला आवाज ज्यांनी उठवला त्यांत जोतीराव फुले होते. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल लेखी हरकत घेतली. १९०८ मध्ये पुण्यात मद्यपाननिषेधाची चळवळ झाली. स्वयंसेवक दुकानांच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. टिळक या चळवळीच्या पाठीशी होते. सरकारने त्या मुलांना धरले. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरून निघून दक्षिण गुजरातभर पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी आपण होऊन दारू सोडली आणि गुत्तेवाल्यांवर बहिष्कार टाकला. या सगळ्यांची ठिकाणे वेगळी, जाती वेगळ्या, पण झगडा प्रत्येक वेळी दुकानाच्या उंबरठ्यावर झाला.

१९३९: पैसे कुणी भरायचे?

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः पारशी, आणि दारूच्या धंद्यात पारशी समाजाचा मोठा भाग होता. तरीही १ ऑगस्ट १९३९ रोजी त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी आणली. महसुलात पडणारे खिंडार बुजवण्यासाठी शहरातल्या स्थावर मिळकतीवर १० टक्के कर बसवला.

इथे आमच्या समाजाच्या इतिहासातले एक अवघड पान येते. दारूबंदीचे स्वागत कुणी करायला हवे होते, तर मुसलमानांनी. पण मुंबईतले मुस्लिम घरमालक आणि मुस्लिम लीग या कराविरुद्ध उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की आमच्यात दारू आधीच हराम. मग दुसऱ्यांची दारू सोडवण्याचा खर्च आमच्या भाड्यातून का? या म्हणण्यात राजकारण होते हे खरे. लीग आणि काँग्रेस यांच्यातली तेढ तेव्हा वाढत होती. पण निव्वळ राजकारण म्हणून ते सोडून देता येत नाही. प्रश्न खरा होता. दारूतून येणारा पैसा सोडायचा तर तो कुठून तरी आणावा लागतो. ज्याला दारूबंदी हवी, त्याने तिची किंमत मोजायची तयारी ठेवायला हवी. हराम-हलालचे भाषण फुकट असते, कर फुकट नसतो. त्या परीक्षेत आमच्या वडीलधाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले असे म्हणवत नाही.

मंत्रिमंडळाने त्याच वर्षाच्या अखेरीस राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. संविधानसभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी दारूबंदीच्या मार्गदर्शक तत्त्वावर चर्चा झाली, तेव्हा कोल्हापूरचे खर्डेकर आणि आदिवासींचे नेते जयपालसिंग यांनी विरोध केला. जयपालसिंगांचा मुद्दा असा, की तांदळाची पेज आंबवून केलेले पेय आदिवासींच्या विधींचा भाग आहे. आम्ही त्यांच्याशी सहमत असू वा नसू, पण एका समाजाचा धर्म दुसऱ्यावर लादू नका हे म्हणणे आपल्यालाही अनेकदा म्हणावे लागले आहे. अखेर ते तत्त्व ४७ व्या अनुच्छेदात आले. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधे आणि प्रसाधने यांच्याबाबतची काही कलमे रद्द केली आणि उरलेला कायदा टिकवला. १९६० नंतरच्या काळात बंदी सैल होत गेली. हातभट्टी आणि हप्ता यांनी तिचा जीव आधीच घेतला होता. आज राज्यात दारूचे प्रत्येक दुकान चालते ते त्याच दारूबंदी अधिनियमाखाली. फक्त नावात 'मुंबई' होते तिथे 'महाराष्ट्र' आले.

बंदीने दारू संपत नाही आणि परवान्याने विष संपत नाही, हे २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीने दाखवले. गावठी दारूत मिथेनॉल होते. शंभराहून जास्त माणसे मेली. मालवणी ही आमच्याही लोकांची वस्ती आहे. तिथे राहणाऱ्याला वाइनच्या कपाटाची चर्चा परदेशातली वाटली असेल.

द्राक्ष कुणाचे?

आता शेतकऱ्याचा मुद्दा. त्याची टिंगल करू नये. अवकाळी पाऊस, गारपीट, कर्ज यांनी द्राक्षवाला किती पिचतो हे नाशिक-सांगलीत कुणालाही विचारावे. नारायणगावजवळ १९८० च्या दशकात वाइनचा कारखाना उभा राहिला. २००० च्या सुमारास नाशिकजवळ नव्या वाइनरी आल्या. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले, करांत सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क काढले. पण आपल्याकडचे बहुतेक द्राक्ष वाइनचे नाही. ते खायचे द्राक्ष आहे, नाहीतर बेदाण्याचे. वाइनच्या द्राक्षाच्या जाती वेगळ्या, बागा वेगळ्या, आणि अशा बागा थोड्या शेतकऱ्यांकडे आहेत. ज्यांच्या आहेत, त्यांतल्या अनेकांचा कारखान्याशी आधीच करार असतो. तेव्हा सुपरमार्केटात बाटली गेल्याने तासगावच्या बेदाणेवाल्याच्या हातात काय पडेल? ईदच्या शीरखुर्म्यात पडणारा बेदाणा ज्याच्या शेडमध्ये वाळतो, त्याच्यासाठी शीतगृह, विमा आणि भाव यांची बोलणी व्हायला हवीत. ती झाली नाहीत आणि त्याचे नाव मात्र बाटलीवर चिकटवले गेले.

आडवी बाटली

या सगळ्या इतिहासातून आमच्या मते एकच गोष्ट हाती लागते. दारूचा प्रश्न पिणाऱ्याच्या घरात सुटत नाही, आणि राजवाड्यातही सुटत नाही. तो सुटला तेव्हा दुकानाच्या दारात सुटला, जिथे वस्तीला बोलायला जागा होती. महाराष्ट्राने हे ओळखून एक चांगली गोष्ट केली होती. गावातल्या किंवा प्रभागातल्या ठरावीक प्रमाणात महिलांनी मागणी केली, तर दारूच्या दुकानासाठी मतदान घ्यायचे. मतपत्रिकेवर दोन चिन्हे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकानाला टाळे. गावोगावच्या बायकांनी हे करून दाखवले आहे. त्यांत नऊवारीतल्या होत्या, बुरख्यातल्याही होत्या. या मतदानात धर्माचा रकाना नसतो. शेख जैनुद्दीन एकटे बसले होते. इथे अख्खी वस्ती बसते.

आता किराणा दुकानातल्या कपाटाचा विचार करा. ते दुकान साखरेचे आहे, तांदळाचे आहे, मुलांच्या बिस्किटांचे आहे. त्याच्यातल्या एका कपाटात वाइन आहे. बायकांनी आडवी बाटली कुणाविरुद्ध उभी करायची? दुकान बंद करा म्हणावे, तर रेशनबाहेरचे धान्य कुठून आणायचे? दारूचे दुकान वेगळे असते म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येते, त्याच्यावर मत देता येते, त्याच्यासमोरून मुलाला घेऊन झपझप जाता येते. ते किराण्यात मिसळले की बोट दाखवायची जागाच जाते. आमचा विरोध या कारणासाठी आहे. यात हराम हा शब्द एकदाही वापरावा लागत नाही. हे कारण नऊवारीतल्या बाईलाही पटते आणि बुरख्यातल्या बाईलाही पटते.

आणखी एक प्रश्न आमच्या मुलांचा आहे. मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर, गोदामात माल उतरवायला, कपाटे भरायला आमची हजारो मुले-मुली काम करतात. शिक्षण थोडे, नोकऱ्या थोड्या. दारू गाळणारा, वाहणारा, विकणारा या सगळ्यांवर हदीसमध्ये लानत आली आहे, हे ती मुले मक्तबमध्ये शिकलेली असतात. दारूच्या दुकानात नोकरी करायची की नाही, हे ठरवणे त्यांच्या हातात होते. किराणा मॉलमध्ये नोकरी धरलेल्या मुलीला एके दिवशी कपाटाची किल्ली दिली, तर ती काय करणार? नोकरी सोडा, असे मौलवीसाहेब सांगतील. घरभाडे कोण भरणार, हे ते सांगणार नाहीत. असा निर्णय पुन्हा आला, तर कामगाराला या कामाला नकार देता यावा आणि त्यामुळे त्याची नोकरी जाऊ नये, एवढे तरी नियमात असावे. शाकाहारी घरातून आलेल्या, व्यसनमुक्तीतून बाहेर पडलेल्या मुलालाही त्याचा उपयोग होईल.

आपल्या घरातले कपाट

हे सगळे लिहिताना एक गोष्ट लपवली तर लेख खोटा ठरेल. आमच्या वस्त्यांत दारू नाही, हा एक गैरसमज आहे, आणि तो आम्हीच जपला आहे. शनिवारी रात्री कोण कुठून येतो, हे मोहल्ला जाणतो आणि गप्प बसतो. मार खाणारी बाई माहेरी सांगते की ती पायरीवरून पडली. ज्याला दारूची लाज वाटते, तो दुसरे काही शोधतो. मालेगावात 'कुत्ता गोळी' नावाने ओळखली जाणारी गुंगीची गोळी कुठल्याही वाइनच्या दुकानातून आलेली नाही, ती औषधाच्या कपाटातून निघाली. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आमच्या शाळांच्या भिंतीमागे सापडतात. नशा ही दुसऱ्यांची सवय आहे असे मानून आम्ही आमच्या मुलांना एकटे सोडले. जुम्म्याच्या खुतब्यात दारूवर बोलणे सोपे असते. मशिदीच्या शेजारच्या खोलीत आठवड्यातून एकदा व्यसनी माणसाला आणि त्याच्या बायकोला बसवून ऐकणे कठीण असते. ते अगदी मोजक्या ठिकाणी होते. १९३९ साली आमच्या वडीलधाऱ्यांनी विचारले होते, खर्च आमच्या भाड्यातून का? आज तो प्रश्न आम्ही आमच्याच मुलांबद्दल विचारू शकत नाही.

जकातीचे पैसे, वक्फच्या रिकाम्या खोल्या, शिकलेल्या मुली, निवृत्त डॉक्टर, हे सगळे आमच्याकडे आहे. त्यातून एखादे व्यसनमुक्ती केंद्र चालवणे आम्हाला झेपणार नाही असे नाही. तिथे येणाऱ्याचा धर्म विचारू नये. तसे झाले, तर पुढच्या वेळी सरकारने हरकती मागवल्या की आमच्या अर्जाला वजन येईल. आतापर्यंत आमचा अर्ज मशिदीच्या लेटरहेडवर जातो आणि 'एका समाजाच्या भावना' म्हणून फाइलीत बसतो. तो वस्तीच्या नावाने, सगळ्या बायकांच्या सह्यांनी गेला पाहिजे.

चाचांच्या दुकानात परवा आम्ही पुन्हा गेलो होतो. रमजानच्या खरेदीची गर्दी होती. एक लहान मुलगी पाच रुपये घेऊन आली, काउंटरपर्यंत तिचा हात पोहोचत नव्हता. चाचांनी वाकून पैसे घेतले, तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला आणि उरलेला रुपया तिच्या ओढणीच्या टोकाला बांधून दिला. आम्ही त्यांना विचारले, "चाचा, दुकान मोठे असते तर ठेवली असती का?" ते तराजू पुसत म्हणाले, "माझे राहू द्या. ही पोर ज्या दुकानात एकटी येते, तिथे काय असावे हे तिच्या आईला विचारले का कुणी?"

त्या हरकतींच्या अर्जात लिहायला एवढे वाक्य पुरेसे होते. तेव्हा ते आम्हाला सुचले नाही. पुढच्या वेळी तरी लिहू.